आगोंदच्या किनाऱ्यावर ऐकलेले ग्रहण

२६ डिसेंबर २०१९ च्या कंकणाकृती सूर्यग्रहणासाठी बरीच हौशी मंडळी केरळातल्या कासरगोडकडे निघाली होती; पूर्ण कंकण दिसणारा पट्टा तिकडून जात होता. मी मात्र मडगावहून करमल घाट उतरून काणकोण तालुक्यातल्या आगोंदला मुक्काम केला. नाताळच्या गर्दीत खोली मिळाली हेच नशीब. गोव्यातून हे ग्रहण खंडग्रासच दिसणार होते, तरी सूर्याचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग झाकला जाणार होता. त्याचा वरच्या वातावरणावर होणारा परिणाम मला ऐकायचा होता, म्हणून सामानात मीडियम वेव्हचा जुना ट्रान्झिस्टर घेतला होता.

सूर्याच्या अतिनील आणि क्ष-किरणांमुळे साधारण ६० किलोमीटरपासून वर हवेतले रेणू आणि अणू विद्युतभारित होतात; हेच आयनावरण. त्याचा सर्वांत खालचा ‘डी’ थर दिवसा मध्यम लहरी (म्हणजेच मीडियम वेव्ह) शोषून घेतो, त्यामुळे दूरची केंद्रे उजाडल्यावर ऐकू येईनाशी होतात. किरणे घटली की या थरातले मोकळे इलेक्ट्रॉन काही मिनिटांतच आयनांशी पुन्हा जुळतात आणि लहरींची वाट मोकळी होऊ लागते.

आदल्या दिवशी मी त्याच वेळी रेडिओ लावून पाहिला होता, तेव्हा नुसती खरखर होती. ग्रहणाच्या सकाळी घरमालकीणबाईंनी आठच्या आधीच चहा-पाव दिला आणि “ग्रहण सुटेपर्यंत आता चूल पेटायची नाही,” असे बजावले. आगोंदचा किनारा पश्चिमाभिमुख असल्याने आम्ही सारे समुद्राकडे पाठ करून, चष्मे लावून, माडांवर आलेल्या सूर्याकडे पाहत होतो. साडेनवाच्या सुमारास ऊन फिकट झाले आणि खरखरीतून एक तमिळ निवेदन क्षीणपणे वर आले, थोडा वेळ टिकले आणि विरले. हा आवाज कंकणपट्ट्याच्या बाजूने, म्हणजे अधिक झाकोळलेल्या आकाशाखालून येत होता, हे ध्यानात घेतले तर त्यात नवल नाही.

त्याहून वरचा ‘एफ’ थर इतका चपळ नाही. तिथल्या विरळ हवेत आयन दीर्घकाळ टिकतात, म्हणून तिथली घट उशिरा जाणवते. शिवाय ध्वनीपेक्षा वेगाने धावणारी चंद्राची सावली, होडीच्या नाळेपाशी (पुढच्या टोकाशी) उठणाऱ्या लाटांसारख्या लाटा वातावरणात उठवते, असे भाकीत १९७० मध्ये झाले होते. २१ ऑगस्ट २०१७ च्या अमेरिकेतील खग्रास ग्रहणात जीपीएस संकेतांच्या नोंदींतून अशा लाटा आयनावरणात स्पष्ट दिसल्या. आपल्याकडे चुंबकीय विषुववृत्ताजवळच्या, केरळातल्या थुंबा येथून १५ जानेवारी २०१० च्या ग्रहणात अग्निबाण सोडून वरच्या वातावरणाचा अभ्यास झाला. माझ्या ट्रान्झिस्टरची झेप अर्थातच ‘डी’ थरापुरती.

२ ऑगस्ट २०२७ ला गोव्यात दुपारनंतर खंडग्रास ग्रहण आहे. पावसाळी ढगांनी सूर्य झाकला तरी रेडिओचे काही बिघडणार नाही. मात्र संध्याकाळ जवळ आली की ‘डी’ थर आपोआपच विरळ होऊ लागतो, त्यामुळे आदल्या दिवशीची नोंद हाताशी असल्याशिवाय ग्रहणाचा वाटा वेगळा काढता येणार नाही.