मांजर खातंय, तरी वजन उतरतंय

तरुण मांजर खातंपितं असूनही रोडावलं, की जंताचं औषध देऊन घरी पाठवायची सर्रास पद्धत आहे. हा 14 महिन्यांचा बोका असाच परत पाठवलेला. आधीच्या कागदांवर ‘वजन ठीक’ एवढाच शेरा, आकडा नाही. नसबंदीच्या वेळच्या कागदावर मात्र 3.6 किलो सापडलं. आता काट्यावर 2.7. चौथा हिस्सा गेला! मांजराचं 5 टक्के वजन घटलं तरी दखल घ्यायला हवी, आणि इथे 5 टक्के म्हणजे जेमतेम 180 ग्रॅम. केसाळ अंगावर ते हाताला कळत नाही. त्याला तान्ह्या बाळांचा, 10 ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटाच लागतो.

तोंड आधी पाहिलं. जबड्याच्या दोन हाडांमधून खालून अंगठ्याने दाबलं की जीभ वर येते आणि तिच्या बुडाशी अडकलेला दोरा दिसतो. दोरा नव्हता. तीन दिवसांची शी एकत्र करून तपासली, कारण जिआर्डिया हा आतड्यातला परजीवी शीतून रोज पडत नाही. तीही स्वच्छ. एफआयव्ही, एफईएलव्ही या मांजरांची प्रतिकारशक्ती ढासळवणाऱ्या विषाणूंच्या चाचण्या निगेटिव्ह. ताप 39.8 सेल्सिअस, प्रतिजैविकांना न जुमानणारा.

मग खोलीत अंधार करून डोळ्यांवर तिरपा उजेड टाकला. उजवं बुबुळ डाव्यापेक्षा गढूळ, आणि कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या आतून, खालच्या अर्ध्या भागात, मेणाचे शिंतोडे उडावेत तसे राखाडी ठिपके. इथे संशय एफआयपीकडे, म्हणजे मांजरांच्या कोरोनाविषाणूमुळे होणाऱ्या आजाराकडे वळला, त्यातही पोटात पाणी न होणाऱ्या कोरड्या प्रकाराकडे.

रक्तातली दोन प्रथिनं मोजली: अल्ब्युमिन 2.3, ग्लोब्युलिन 6.1. गुणोत्तर 0.4च्या खाली, म्हणजे संशय बळावला. सिद्ध झालं नाही. सोनोग्राफीत आतड्याजवळची लसिकाग्रंथी सुजलेली दिसली. तिच्यातून सुईने पेशी काढल्या: पायोग्रॅन्युलोमॅटस, म्हणजे एफआयपीत दिसणारा पू आणि गाठींचा दाह, आणि त्याच नमुन्यात कोरोनाविषाणूचा पीसीआर पॉझिटिव्ह.

पालकांच्या हातात याआधीच एक रिपोर्ट होता, ‘एफआयपी पॉझिटिव्ह’ अशा मथळ्याचा. चाचणी होती फक्त कोरोनाविषाणूच्या अँटिबॉडीची! असंख्य धडधाकट मांजरांत त्या सापडतात. निदान खरं निघालं, तरी तो मथळा चुकीचाच होता. असल्या कागदावर एखाद्या निरोगी मांजराला मरण सुनावलं जाऊ शकतं, याची चीड येते.

कारण आता हा आजार बरा होतो. 2019 मध्ये पशुवैद्यक संशोधक नील्स पेडरसन यांच्या गटाने जीएस-441524 हे औषध 31 मांजरांना दिलं. 25 दीर्घकाळ जगली. त्याआधी एफआयपी म्हणजे जवळपास नक्की मरण होतं.

आजाराने डोळा धरला असल्याने किलोमागे 15 मिलिग्रॅम, रोज, 84 दिवस ठरवले. सुरुवातीला सुमारे 40 मिलिग्रॅम. चूक इथेच घडते: मांजर खायला लागतं, भरतं, आणि डोस जुन्या वजनाचाच राहतो. मग आजार उलटतो. म्हणून दर आठवड्याला वजन आणि त्याच दिवशी नवा हिशेब. बोका 3.4 किलोवर आला तेव्हा डोस 51 झाला. ठिपके विरलेत, ग्लोब्युलिन उतरलंय. उजवं बुबुळ अजून किंचित गडद आहे. तो जुना डाग की आत धुमसणारा दाह, हे डोळ्याचा दाब पुन्हा मोजल्यावर आणि उजेड टाकून पाहिल्यावरच ठरवायचं आहे. तोवर औषध थांबवणार नाही.