भजनी मंडळाचा पेनड्राइव्ह आणि न उडणारा फोल्डर

रविवार रात्र. काकडा सुरू व्हायला चार दिवस, आणि मंडळाचे काका 8 जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन हजर. स्पीकरमध्ये लावला की एका रिकाम्या फोल्डरवरच अडतो म्हणे. लावून पाहिला. लपवलेला फोल्डर, नाव 'ऑटोरन.आयएनएफ'. या नावाची फाइल असते, ड्राइव्ह लावताच प्रोग्राम आपोआप सुरू करायला सांगणारी. फोल्डर कायले?

शिफ्ट-डिलीट, रीस्टार्ट, सेफ मोड, सगळं झालं. मग फोल्डरची मालकी घ्यायला 'टेकओन' ही कमांड चालवली. ड्राइव्ह फॅट32 म्हणजे फाइली मांडायच्या जुन्या पद्धतीचा, त्यात मालकी नि परवानग्या नसतातच, हे अर्ध्या तासानं आठवलं. तेवढ्यात लाइन गेली.

सोमवार. फोल्डरच्या आत अजून एक फोल्डर निघाला: 'एलपीटी3'. आता ट्यूब पेटली. एलपीटी म्हणजे प्रिंटरचं पोर्ट. दारव्ह्याच्या क्लासात डॉस (विंडोजच्या आधीची, कमांड टाइप करून चालणारी प्रणाली) शिकताना 'कॉपी कॉन' लिहून फाइल बनवायचो, त्यातला कॉन म्हणजे कीबोर्ड. कॉन, पीआरएन, ऑक्स, नल, कॉम1 ते 9, एलपीटी1 ते 9 ही नावं डॉसच्या वारशातून विंडोजमध्ये यंत्रांसाठी राखीव. डेस्कटॉपवर 'कॉन' नावाचा फोल्डर करून पाहिला, माझ्या विंडोज 10 नं तिथल्या तिथं नकार दिला. म्हणजे मी फोल्डर पुसायला सांगतो आणि विंडोज प्रिंटर शोधत बसतो.

हे कोणीतरी मुद्दाम केलेलं आहे. पूर्वी पेनड्राइव्हचे व्हायरस ऑटोरन.आयएनएफ फाइल टाकून पसरायचे. त्याच नावाचा फोल्डर आधीच असला की फाइल बनत नाही, आणि तो उडू नये म्हणून आत एलपीटी3 ची मेख. डोकं मानलं पाह्यजे! पण विंडोज 7 पासून पेनड्राइव्हवरचं ऑटोरन बंदच आहे, तेव्हा या लसीची आता गरज नाही.

मंगळवार. काकांचा फोन, "अजून नाई झालं का बाप्पा? नवा घेऊन टाकू का?" थांबा म्हटलं.

आधी 'अ‍ॅट्रिब'नं लपवलेपणा काढला. मग फोल्डर काढायची कमांड आरडी, आणि पत्त्याच्या आधी \\?\ ही खूण. ही लावली की विंडोज नावाची चिकित्सा न करता ते जसंच्या तसं पुढं पाठवतो. पहिल्यांदा फसलो: फोल्डरमध्ये शिरून नुसतं नाव दिलं होतं. या खुणेला ड्राइव्हच्या अक्षरापासून पूर्ण पत्ता लागतो.

आरडी "\\?\ई:\ऑटोरन.आयएनएफ\एलपीटी3"

(टाइप करताना अर्थात इंग्रजी अक्षरं.) एंटर. काही संदेश नाही, कर्सर नुसता खालच्या ओळीवर. बाहेरचा फोल्डर मग साध्या डिलीटनं गेला. अभंग सगळे जागेवर.

पुढचं गिऱ्हाईक किराणा दुकानाचा डेस्कटॉप. बॅकअपमध्ये बॅकअप, त्यात पुन्हा बॅकअप, पत्ता विंडोजच्या नेहमीच्या 260 अक्षरांच्या मर्यादेपार गेलेला, म्हणून पुसता येत नाही. तिथं रिकामा फोल्डर घेऊन 'रोबोकॉपी' या कमांडचं मिरर (एक फोल्डर दुसऱ्यासारखा हुबेहूब करणं; रिकाम्यासारखा केला की आतलं सगळं पुसलं जातं) वापरून पाहणार आहे. आधी डिस्कची नक्कल मात्र काढून ठेवतो, उधारीची वही त्यातच आहे.