इगर्जीसमोरची मोकळी जागा

पावसाच्या आधी मी दरवर्षी एकदा तरी मडगावच्या जुन्या इगर्जीकडे, म्हणजे पवित्र आत्म्याच्या चर्चकडे जातेच, पुरुमेंताच्या फेस्ताला (फेस्त म्हणजे चर्चचा सण). यंदाही गेले. सुकी सुंगटं म्हणजे कोळंबी घेतली, खोल गावची मिरची घेतली, सोलं म्हणजे आमसुलं घेतली (सोलं विकणारी बाय म्हणे, "घे गो, घरचीं आसात", आणि खरंच घरचीच होती, वास सांगतो ना), आणि मग सामान खाली ठेवून क्रूसाजवळ बराच वेळ नुसती उभी राहिले. तेच लिहायचंय आज.

पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी, शब्द पोर्तुगीज पण आता पक्का आपला झालेला. पूर्वी पावसात होड्या बंद, वाटा बंद, मग मासळी-मिरची-चिंच-कुळीथ सगळं मे संपेपर्यंत घरात भरून ठेवायचं, आणि पवित्र आत्म्याचं फेस्त ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशी म्हणजे नेमकं त्याच सुमाराला येतं, म्हणून बाजार इथे इगर्जीसमोर भरायला लागला तो अजून भरतोय.

मडगाव म्हटलं की बाहेरच्या माणसाला स्टेशन, नगरपालिकेची १९०५ ची लाल इमारत आणि मार्केट एवढंच माहीत असतं. पण गाव सुरू झालं ते इथे, उत्तरेच्या टोकाला. मधे मोठी मोकळी जागा, तिच्यात उंच चौथऱ्यावर पांढरा नक्षीदार क्रूस, आंब्याची झाडं, समोर दोन मनोऱ्यांची इगर्ज आणि बाजूंनी जुनी घरं. पोर्तुगीज भाषेत लार्गो, म्हणजे चौक, आमच्या घरी मात्र कायम "इगर्जीकडे" एवढंच.

आणि आमच्या घरी त्याला अजून एक अर्थ होता. ही जागा दामोदर देवाची. सोळाव्या शतकात देऊळ गेलं, देवाला कुशावतीच्या काठी जांबावलीला नेलं कारण तिकडे तेव्हा पोर्तुगिजांचं राज्य नव्हतं, आणि देवळाच्या जागेवर १५६५ मध्ये पहिली इगर्ज उभी राहिली. आज दिसते ती १६७५ ची. आजी इथून जाताना पदर सारखा करायची आणि हात जोडायची, इगर्जीला की दामोदराला असं मी लहानपणी विचारलं होतं तर म्हणाली, "जागेला." मडगावकर अजून शिशिरोत्सवाला जांबावलीला जातात, गुलाल खेळतात, उत्सव करणाऱ्या सभेचं नावच मठग्रामस्थ, मठग्राम म्हणजे मडगावचं जुनं नाव. साडेचारशे वर्षं झाली तरी देव आणि गाव यांचं नातं तुटलेलं नाही. मला हे आठवलं की दरवेळी घशात काहीतरी येतं.

घरांचं बोलायचं तर सगळ्यात देखणं सात बुर्जांचं घर, चौकापासून थोडं पुढे बोर्डा या भागाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. साधारण १७९० चं, पोर्तुगीज व्हाइसरॉयचे सेक्रेटरी इनासियु दा सिल्वा यांनी बांधलेलं. सात उंच उतरती छपरं होती म्हणून हे नाव, आज त्यातली तीनच उरलीत. तीन असूनही बघत राहावं असं घर आहे. बाकीच्या जुन्या घरांत कुठे बल्कांव म्हणजे दारासमोरची बसायची ओटी, कुठे खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ तुकडे, त्यातून आत येणारा उजेड दुधासारखा असतो, ज्यांनी बघितलाय त्यांनाच कळेल.

जुन्या घरांबद्दल सगळे बोलतात, वारसा वारसा करतात, ते बरोबरच आहे. पण मधल्या मोकळ्या जागेबद्दल कोण बोलत नाही. ती रिकामी आहे म्हणून तर इगर्ज लांबून अख्खी दिसते, घरं एकमेकांकडे तोंड करून बसलेली वाटतात, आणि म्हणूनच बाजार भरतो. फेस्त नसलेल्या दिवशी बघा, क्रूसाच्या आसपास गाड्याच गाड्या. पार्किंगची अडचण मलाही कळते, मी पण गाडी घेऊनच येते, पण यंदा जुन्या मार्केटकडे लावून चालत गेले, पाच-सात मिनिटं लागली फक्त. देऊळ होतं तेव्हाही देवासमोर अंगण असणारच ना, इतकी वर्षं कोणी ना कोणी ते मोकळं ठेवलं म्हणून आपल्याला मिळालं.

कधी जाणार असाल तर फेस्ताच्या गर्दीत एकदा जा आणि मग एखाद्या साध्या दिवशी सकाळी आठच्या आत परत जा. आंब्याखाली उभं राहून आधी इगर्जीकडे बघा, मग चालत बोर्ड्याकडे निघा, ऊन त्या तीन छपरांवर आलेलं असतं.