पिको बेटावरचे देवमासे आणि कड्यावरची चौकी

पिको बेटावर देवमाशांचा शोध समुद्रात नव्हे, जमिनीवरून सुरू होतो. अटलांटिकच्या मध्यावर पोर्तुगालच्या अखत्यारीत असलेल्या अझोरेस द्वीपसमूहातील नऊ बेटांपैकी हे एक. २,३५१ मीटर उंचीचा ज्वालामुखी पर्वत आणि त्याच्या पायथ्याशी, दक्षिण किनाऱ्यावर लाजेश हे गाव. गावाजवळच्या कड्यावरील बुटक्या चौकीत बसलेला टेहळ्या आडव्या फटीतून, तिवईवर बसवलेल्या जड दुर्बिणीने पहाटेपासून पाणी न्याहाळत असतो आणि कित्येक किलोमीटरांवर फवारा दिसला की वायरलेसवरून आमच्यासारख्या पर्यटकांच्या बोटींना दिशा सांगतो. पूर्वी अशाच चौकीतून फवारा दिसला की शिकाऱ्यांना बोलावण्यासाठी आकाशात फटाक्याचा बाण उडवला जाई. व्यवसाय बदलला, नजर तीच राहिली.

रबरी बोट बंदरातून बाहेर पडताच लाटांनी आम्हाला यथेच्छ हादरवले. तरीही फार दूर जावे लागले नाही. ज्वालामुखीतून वर आलेल्या या बेटांभोवती उथळ सागरी मंच जवळजवळ नाहीच. किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर तळ हजार मीटरांपर्यंत खोल जातो आणि त्या अंधारात स्पर्म व्हेल या जातीच्या देवमाशाचे आवडते खाद्य, म्हणजे माकुळ (स्क्विड), मिळते. म्हणूनच माद्या आणि पिल्ले येथे वर्षभर आढळतात, तर पूर्ण वाढलेले नर बराच काळ थंड प्रदेशांतील समुद्रात हिंडतात.

चालकाने इंजिन बंद करून पाण्यात सोडलेल्या ध्वनिग्राहकातून टक-टक असा आवाज ऐकला. स्पर्म व्हेल अशा आवाजांच्या प्रतिध्वनीवरून भक्ष्य शोधतो. थोड्या वेळाने पुढे, डावीकडे कललेला फवारा उडाला. या जातीचे नासाछिद्र डोक्याच्या टोकाशी डाव्या बाजूला असल्यामुळे फवारा तिरका येतो, आणि एवढ्यावरून अनुभवी माणूस दुरूनच जात ओळखतो. जवळून पाहिले तेव्हा लक्षात राहिली ती त्याची कातडी: करडी, ओली आणि वाळलेल्या मनुक्यासारखी सुरकुतलेली. दहाएक मिनिटे श्वास भरून घेतल्यावर त्याने पाठ वाकवली, शेपूट उभी केली आणि तो खाली गेला. आता पाऊण तास तरी वाट पाहावी लागेल, असे चालकाने सांगितले.

तो वेळ रिसो डॉल्फिनांनी भरून काढला. त्यांना चोच नसते. बोथट कपाळ आणि अंगभर पांढऱ्या ओरखड्यांची जाळी असते. यांतले बरेचसे व्रण एकमेकांच्या दातांचे असतात आणि ते बुजत नसल्यामुळे वयस्क प्राणी जवळजवळ पांढरा दिसतो. बोटीपुढे उड्या मारणाऱ्या सामान्य डॉल्फिनांवर सहप्रवासी अधिक खूश होते. मला मात्र हे अबोल, ओरखडलेले प्राणीच आवडले.

परतल्यावर लाजेशचे देवमासे-शिकारी संग्रहालय जरूर पाहावे. तेथे ठेवलेल्या अरुंद, लांबट होड्या इतक्या देखण्या आहेत की त्यांतून हातांनी भाला फेकून एवढ्या मोठ्या प्राण्याला मारीत, हे मनात बसायला वेळ लागतो. या बेटांवरचा शेवटचा देवमासा १९८७ मध्ये मारला गेला. तशाच होड्या आज वल्हवण्याच्या आणि शिडांच्या शर्यतींत उतरतात. त्या पाहायच्या असतील तर उन्हाळ्यात यावे, निळा देवमासा पाहायचा असेल तर मात्र एप्रिल-मे गाठावा.