नागपुरात बसून गॅमा किरण कसे दिसतात?

"मॅडम, अवकाशातले हे क्ष-किरण आणि गॅमा किरण जमिनीपर्यंत येतच नाहीत म्हणता, मग नागपुरात बसून तुम्ही पाहून काय राहिल्या?" व्याख्यान संपलं की हा प्रश्न येतो, लग्नाच्या पंगतीत येतो, आणि एम.एस्सी.ला प्रवेश घेणाऱ्या मुलांचे आईवडील तर हमखास विचारतात. प्रश्न अगदी रास्त आहे. डोक्यावरची सगळी हवा मिळून या किरणांच्या वाटेत साधारण १० मीटर पाण्याच्या थराइतकी आडवी येते. क्ष-किरण शरीरातून आरपार जातात म्हणून ते कशालाच जुमानत नसतील असं आपल्याला वाटतं, पण अवकाशातून आलेले क्ष-किरण जमिनीच्या कितीतरी वरच विरून जातात. म्हणूनच १९६२ मध्ये शास्त्रज्ञ रिकार्डो जियाकोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आपली उपकरणं रॉकेटवर चढवावी लागली. त्या काही मिनिटांच्या उड्डाणात वृश्चिक राशीच्या दिशेने येणारे क्ष-किरण सापडले आणि हे शास्त्र मार्गी लागलं.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, माझं काम मोजण्याचं आहे. २८ सप्टेंबर २०१५ ला इस्रोने ॲस्ट्रोसॅट हा उपग्रह ६५० किलोमीटर उंचीच्या कक्षेत सोडला. त्याने टिपलेल्या नोंदी ठरावीक मुदतीनंतर सगळ्यांसाठी खुल्या होतात. त्या उतरवून घ्यायला बरं इंटरनेट आणि बरा कॉम्प्युटर पुरतो.

त्यातल्या लॅक्सपीसी या क्ष-किरण मोजणाऱ्या उपकरणाची फाइल उघडली की एकाखाली एक आकडे दिसतात. एक ओळ म्हणजे एका फोटॉनची, किरणाच्या एका कणाची, नोंद : कधी आला, किती ऊर्जेचा, तीनपैकी कोणत्या पेटीत, झेनॉन वायूच्या कोणत्या थरात सापडला. वेळ सेकंदाच्या एक लाखाव्या भागापर्यंत लिहिलेली असते. अशा लाखो ओळींचा आलेख काढला की मध्येमध्ये मोकळ्या जागा दिसतात, आणि नवी मुलं हटकून घाबरतात. त्यात बिघडलेलं काही नसतं. कधी पृथ्वीच मध्ये आलेली असते, तर कधी उपग्रह दक्षिण अटलांटिकवरून जात असतो. तिथे विद्युतभारित कणांची गर्दी इतकी असते की उपकरणाचा व्होल्टेज उतरवून ठेवावा लागतो. शिवाय उरलेल्या ओळींपैकी कितीतरी ताऱ्याच्या नसतातच, बॅकग्राउंडच्या, म्हणजे इकडूनतिकडून आलेल्या भलत्याच नोंदी असतात. तो बॅकग्राउंड प्रामाणिकपणे वजा करणं हे या कामातलं सगळ्यात कष्टाचं आणि सगळ्यात कमी बोललं जाणारं काम आहे. माझ्या मते विद्यार्थी किती तयार झालाय ते तिथेच कळतं.

एवढं केल्यावर काय दिसतं? जीआरएस १९१५+१०५ हे नाव लक्षात ठेवा. सुमारे ३०,००० प्रकाशवर्षांवर एक कृष्णविवर शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढून घेतंय. आत पडताना तो वायू कोटभर अंशांपर्यंत तापतो, आणि काही वेळा त्याचं तेज मिनिटा-दीड मिनिटाच्या तालात चढतं, उतरतं, पुन्हा चढतं. इतक्या लांबून, इतक्या काळापूर्वी निघालेला फोटॉन आणि त्याच्या पोचण्याची वेळ आपल्याकडे सेकंदाच्या लाखाव्या भागापर्यंत लिहिलेली! मला आजही याचं अप्रूप वाटतं.

ऊर्जा आणखी वाढली, गॅमा किरणांकडे गेलो, की किरण एकवटणारा आरसा कामाचा राहत नाही. ॲस्ट्रोसॅटच्या सीझेडटीआय या उपकरणावर म्हणून छिद्रांचा एक पत्रा बसवलाय. दुपारी खिडकीच्या जाळीची सावली फरशीवर कुठे पडलीय यावरून सूर्य कुठे आहे ते सांगता येतं, तसंच इथे सावलीच्या नक्षीवरून स्रोताची दिशा काढतात. फार ऊर्जेचे किरण तर उपकरणाच्या बाजूच्या भिंतींतूनही आत शिरतात, त्यामुळे आकाशात भलतीकडे झालेला गॅमा किरणांचा स्फोटही ते पकडतं. ६ ऑक्टोबर २०१५ ला सीझेडटीआय सुरू केलं, त्याच दिवशी असा एक स्फोट त्याने टिपला.

आणि जमिनीवरून काहीच होत नाही असंही नाही. छिंदवाड्यावरून पचमढीला आपण सगळेच जातो. तिथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेने २५ दुर्बिणींची मांडणी केली होती, हे नागपुरात फारसं कुणाला ठाऊक नसतं, आणि त्याची मला खरंच खंत वाटते. अतिऊर्जेचा गॅमा किरण हवेवर आदळला की कणांचा वर्षाव होतो. हवेत प्रकाशाचा जो वेग असतो त्याहून जास्त वेगाने ते कण धावतात आणि निळसर चमक उमटते. ती सेकंदाच्या काही अब्जांश भागच टिकते, म्हणून अंधारी रात्र आणि फार चपळ इलेक्ट्रॉनिक्स लागतं. आता हेच काम लडाखमध्ये हानले इथे सुमारे ४,३०० मीटर उंचीवर चालतं. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या २१ मीटर व्यासाच्या 'मेस' दुर्बिणीचं उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झालं. दिसणाऱ्या प्रकाशाच्या फोटॉनची ऊर्जा दोन-तीन इलेक्ट्रॉनव्होल्ट (ऊर्जा मोजायचं एक छोटं एकक) असते. मेस ज्यांच्या मागावर आहे त्यांची २,००० कोटींपासून पुढे.

आईवडिलांचा पुढचा प्रश्न ठरलेला : मुलीला हानलेला राहावं लागेल का? गरज नाही. लिनक्स, थोडं पायथन, पक्की संख्याशास्त्राची बैठक, आणि पहिले काही महिने नुसता बॅकग्राउंड वजा करत बसायची तयारी एवढं असलं, तर बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षापासून सुरुवात करता येते. अशा मुलांना मी शक्यतो क्रॅब पल्सार या गरगर फिरणाऱ्या, ठरावीक तालात चमकणाऱ्या ताऱ्याची फाइल देते. तो तारा सेकंदाला ३० वेळा फिरतो, आणि हिशेब बरोबर असला तर आलेखात दोन टोकं स्पष्ट वर येतात.