‘आपली तक्रार सोडवण्यात आली आहे’ : फायबरच्या लाइनशी झालेल्या झटापटीचा माझा अनुभव

‘आपली तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे’ हा संदेश ज्या क्षणी मोबाइलवर आला, त्या क्षणी समोरच्या पडद्यावर जीएसटीचे पोर्टल अडकलेले होते, राऊटरवरचा इंटरनेटचा दिवा विझलेला होता आणि इंटरनेट कंपनीचा एकही माणूस आमच्या इमारतीच्या आसपास फिरकलेला नव्हता. असा संदेश मला त्या काळात इतक्या वेळा आला की पुढे पुढे तो आला म्हणजे आज कोणी येणार नाही, एवढाच अर्थ मी घेऊ लागलो. लाइन आता नीट चालते. तरीही ज्यांना याच भानगडीतून जावे लागणार आहे त्यांना काही उपयोग व्हावा, आणि खरे सांगायचे तर माझाही राग थोडा निवावा, म्हणून हे लिहीत आहे.

सांगलीत माझे कर सल्लागाराचे लहानसे कार्यालय आहे. तीन संगणक, एक प्रिंटर, एक सहायक मुलगी आणि फायबरची, म्हणजे काचेच्या तंतूतून प्रकाशाच्या रूपाने इंटरनेट आणणारी, एक जोडणी, एवढाच पसारा. दर महिन्याच्या ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ हे विक्रीचे आणि २० तारखेपर्यंत जीएसटीआर-३बी हे कराच्या हिशेबाचे विवरणपत्र भरायचे असते. उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि वर व्याज. एखाद्या कंपनीचे विवरणपत्र डिजिटल स्वाक्षरीचे टोकन लावून भरत असताना शेवटच्या पायरीवर इंटरनेट गेले, तर पुन्हा लॉगिन करण्यापासून सारे सुरू करावे लागते. आमच्याकडे नेमके हेच होत होते. इंटरनेट पूर्ण बंद पडत नव्हते. दुपारी पाच-दहा मिनिटे जायचे, परत यायचे, पुन्हा जायचे आणि संध्याकाळी काही झालेच नाही अशा थाटात सुरळीत चालायचे.

कार्यालयाच्या आतले दोष काढायला फारसा वेळ लागला नाही. एका संगणकावर बँकेचे आणि आयकराचे संकेतस्थळ उघडतच नव्हते. पाहतो तो घड्याळ कित्येक वर्षे मागे गेलेले. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा बटणासारखा सेल संपला की संगणक बंद असताना तारीख टिकत नाही, आणि तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे संगणकाला अवैध वाटू लागतात. सेल बदलला, तारीख लावली, काम झाले. दुसऱ्या संगणकाचा वेग १०० एमबीपीएसच्या वर जात नव्हता. १००० एमबीपीएससाठी लॅन केबलमधल्या चारही जोड्या शाबूत लागतात. एखादी तार तुटली तर संगणक अनेकदा तक्रार न करता १०० वर उतरतो. केबलच्या टोकाचे कनेक्टर नवे दाबून घेतल्यावर तोही प्रश्न मिटला. दुपारचे जाणे-येणे मात्र तसेच राहिले.

दोष आपल्या खोलीत आहे की बाहेरच्या लाइनवर, हे ठरवण्याचा एक सोपा उपाय आहे आणि तो प्रत्येकाने शिकून घ्यावा असे मला वाटते. राऊटरला केबलने जोडलेल्या संगणकावर कमांडच्या दोन खिडक्या उघडाव्यात. एकीत पिंग (समोरचे यंत्र उत्तर देते का ते पाहणारी आज्ञा) हा शब्द, पुढे राऊटरचा पत्ता (बहुधा १९२.१६८.१.१ असतो) आणि शेवटी आडवी रेघ व टी हे अक्षर द्यावे, दुसरीत पत्त्याच्या जागी ८.८.८.८ हा गूगलच्या सर्व्हरचा पत्ता लिहावा. दोन्ही खिडक्या दिवसभर चालू ठेवाव्यात. इंटरनेट गेल्यावर दोन्हीकडची उत्तरे थांबली, तर दोष आपल्या केबलमध्ये, संगणकात किंवा राऊटरमध्ये आहे. राऊटर उत्तर देत राहिला आणि फक्त ८.८.८.८ गप्प झाले, तर दोष राऊटरच्या पलीकडे आहे. आमच्याकडे रोज यातला दुसरा प्रकार घडत होता. सहायक मुलीने एका वहीत तारीख, गेल्याची वेळ आणि आल्याची वेळ असे रकाने आखले आणि पडद्याची छायाचित्रेही काढून ठेवली. ही वही पुढे फार उपयोगी पडली.

आता मदत केंद्राविषयी. फोन लावला की पलीकडची व्यक्ती अतिशय नम्रपणे राऊटर बंद करून दहा मिनिटांनी चालू करायला सांगते. आपण आधीच ते केले आहे असे सांगितले तरी त्यांच्या पडद्यावरची ती पायरी पूर्ण झाल्याशिवाय पुढची उघडत नसावी, कारण प्रत्येक फोनला तेच. मग ती व्यक्ती म्हणते, “सर, आमच्या सिस्टिममध्ये आपली लाइन चालू दिसते आहे.” ती दिसणारच, कारण फोन लागून रांगेत थांबून आपला क्रमांक येईपर्यंत इंटरनेट परत आलेले असते. लाइन सतत बंद असेल तर या यंत्रणेला ती कळते. अधूनमधून जाणारी लाइन तिच्या लेखी दोषच नसते. तक्रार नोंदवली जाते, क्रमांक मिळतो, आणि तपासणीच्या क्षणी लाइन चालू असल्यामुळे ती आपोआप बंद होते. पुन्हा फोन केला की जुनी तक्रार उघडत नाहीत, नवी नोंदवतात. त्यामुळे कंपनीच्या दप्तरी आमची एकच लांबलेली तक्रार नव्हती, झटपट सोडवलेल्या अनेक तक्रारी होत्या.

याहून संतापजनक प्रकार ओटीपीचा. दुपारी स्थानिक तंत्रज्ञाचा फोन यायचा, “साहेब, तुमच्या मोबाइलवर एक नंबर आला असेल, तेवढा सांगा, मी उद्या सकाळी येऊन बघतो.” तो नंबर म्हणजे काम पूर्ण झाल्याची ग्राहकाने दिलेली पावती असते. ती आधी देऊन टाकली की उद्याची सकाळ उजाडत नाही. मी त्याला स्पष्ट सांगितले, “तुम्ही या, लाइन तपासा, मी चहा पाजतो आणि मग ओटीपी देतो.” त्यावर तो हसला आणि फोन ठेवला. संध्याकाळी ती तक्रार ‘ग्राहक उपलब्ध नाही’ असा शेरा मारून बंद झालेली होती. मी दिवसभर कार्यालयातच बसून होतो, एवढेच नव्हे तर त्या तासाला एका व्यापाऱ्याच्या खरेदीची बिले जुळवत असल्याचा साक्षीदारही समोर बसला होता. त्या मुलाचा एकट्याचा दोष आहे असे मी आजही मानत नाही. ठरलेल्या वेळेत तक्रार बंद करण्याचा ताण त्याच्यावर असणारच. पण त्याचा ताण हलका करण्यासाठी माझ्या अशिलांनी विलंब शुल्क का भरावे?

पेच सुटला तो एका आकड्यामुळे. फायबरचे जे उपकरण कंपनी आपल्याकडे बसवते, त्याला तंत्रज्ञ ओएनटी म्हणतात. ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता टाकून, तळाशी चिकटवलेल्या लेबलवरचे नाव व पासवर्ड दिला की बऱ्याच उपकरणांत ऑप्टिकल माहितीचे एक पान सापडते आणि त्यावर ‘आरएक्स पॉवर’ हा आकडा असतो. आपल्यापर्यंत किती प्रकाश पोहोचतो आहे ते हा आकडा डीबीएम या प्रकाशाची ताकद मोजण्याच्या एककात सांगतो आणि तो नेहमी उणे असतो. अशा बहुतेक घरगुती उपकरणांना उणे ८ ते उणे २७ च्या दरम्यानचा प्रकाश लागतो. उणे २७ च्या खाली गेले की उपकरणाला संदेश वाचता येईनासा होतो. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे : दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो. म्हणजे उणे २० वरून उणे २९ वर घसरण झाली तर मूळच्या साधारण एक अष्टमांशच प्रकाश उरतो. आमचे उपकरण सकाळी उणे २६ दाखवत होते आणि कडक उन्हात, इंटरनेट जाण्याच्या बेतात, उणे २८. एलओएसचा (प्रकाश तुटल्याचा) लाल दिवा पेटलाच तर क्षणभर पेटायचा, कारण प्रकाश पूर्ण तुटत नव्हता. पॉनचा (कंपनीच्या केंद्राशी जोड दाखवणारा) हिरवा दिवा मात्र लुकलुकायचा, म्हणजे उपकरण कंपनीच्या केंद्राशी पुन्हा पुन्हा जुळवून घेण्याचा प्रयत्न करत होते.

हे आकडे वहीत उतरवल्यानंतर मी फोनवर भाषाच बदलली. ‘इंटरनेट जाते’ असे म्हणणे सोडून ‘आरएक्स पॉवर उणे २८ येते आहे, लाइनवर लॉस आहे, पॉवर मीटर घेऊन माणूस पाठवा’ असे सांगू लागलो. फरक पडला. मदत केंद्रातल्या बाईंनी पहिल्यांदाच राऊटर बंद करायला सांगितले नाही. त्यांनी फोन दुसऱ्या विभागाकडे दिला.

त्याच सुमारास मी लेखी अपीलही केले. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, परंतु त्याच्या २०१२ च्या नियमांमुळे प्रत्येक सेवा देणाऱ्या कंपनीला तक्रार केंद्राच्या वर अपील प्राधिकारी नेमावा लागतो. तक्रारीच्या निवारणाने समाधान झाले नाही तर ३० दिवसांत तिथे अपील करता येते, त्याला शुल्क नाही आणि ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. अपिलात तक्रारीचा डॉकेट क्रमांक लागतो, म्हणून येणारा प्रत्येक संदेश, कितीही चीड आली तरी, पुसू नये. मी वहीच्या पानांची छायाचित्रे, पिंगच्या खिडक्या आणि उणे २८ चा पडदा, सारे जोडले.

अखेर आलेला तंत्रज्ञ वयाने थोराड, कमी बोलणारा आणि कामाला पक्का होता. त्याने ओएनटीची हिरव्या टोकाची पॅच कॉर्ड (फायबरची छोटी केबल) काढून पॉवर मीटरला लावली, आकडा पाहिला आणि म्हणाला, “साहेब, पॉवर फार लो आहे. वर कुठेतरी जॉइंट असणार.” गच्चीवर गेलो. काही काळापूर्वी रस्त्याच्या खोदकामात आमची केबल तुटली होती आणि कोणीतरी ती दुरुस्त करताना तंतू वितळवून जोडणारे स्प्लायसिंग मशिन आणण्याऐवजी नुसत्या दाबून बसवायच्या फास्ट कनेक्टरने दोन टोके जोडून, वर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळून, जॉइंट पाण्याच्या टाकीच्या पाइपाला लटकवून ठेवला होता. उन्हाने टेपचा चिकटपणा वितळून गेला होता, आत धूळ शिरली होती आणि केबल पाइपाभोवती करंगळीएवढ्या घेरात वळवलेली होती. काचेच्या तंतूला इतके अरुंद वळण दिले की प्रकाश वाटेतच बाहेर सांडतो. तापून जॉइंट किंचित सरकला की उरलासुरला प्रकाशही घटायचा, संध्याकाळी गारव्याने पुन्हा जागेवर यायचा. दुपारचे गूढ ते एवढेच.

त्याने जॉइंट कापला, दोन्ही टोके सोलून, पुसून, मशिनमध्ये वितळवून एकजीव केली आणि जोड एका छोट्या बंद डबीत ठेवला. मशिनच्या चिमुकल्या पडद्यावर दोन काचेचे तंतू समोरासमोर येऊन ठिणगीसरशी एक होताना मला पाहायला मिळाले. असा जोड चांगला बसला तर त्यात ०.१ डीबीहूनही कमी प्रकाश जातो. खाली येऊन पाहिले तर आकडा उणे २० वर आला होता. त्याने ओटीपी मागण्याआधीच मी तो दिला, आणि कबूल केल्याप्रमाणे चहाही.

काही गोष्टी वर सांगायच्या राहून गेल्या. कनेक्टरचे हिरवे टोक हिरव्यालाच जोडावे, निळ्याला नाही. हिरव्याचा पृष्ठभाग ८ अंशांनी तिरका घासलेला असतो, त्यामुळे निळ्याशी तो नीट भिडत नाही आणि प्रकाश वाया जातो. फायबरच्या उघड्या टोकात डोळा लावून ‘उजेड येतोय का’ असे कधीही पाहू नये. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. तक्रार फक्त वायफायवर असेल आणि केबलवर सारे ठीक असेल, तर २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ किंवा ११ यांपैकी शेजाऱ्यांनी न व्यापलेला चॅनेल निवडून पाहावा. लाइनवाल्याला बोलावण्याची गरज नसते. संगणकाला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळाला असेल, तर त्याला राऊटरकडून पत्ताच मिळालेला नाही, एवढे समजावे आणि आधी केबल तपासावी. विवरणपत्राच्या शेवटच्या दिवसांत मोबाइलचा हॉटस्पॉट हाताशी ठेवावा, हे वेगळे सांगायला नको.

अपिलाचे उत्तर लाइन दुरुस्त झाल्यानंतर आले. त्यात दिलगिरी होती आणि पुढच्या बिलात काही रक्कम वळती केल्याचे कळवले होते. मी तेवढ्यावर न थांबता उलट पत्र पाठवून, ज्या दिवशी ‘ग्राहक उपलब्ध नाही’ असा शेरा पडला त्या दिवशी भेटीला कोण आले होते, त्याची नोंद मागितली आहे. तिचे उत्तर अजून आलेले नाही.