ॲशव्हिल ते डील्स गॅप: तीनचाकी स्पोर्ट्स गाडीच्या नव्या मालकांसाठी वृत्तांत

उत्तर कॅरोलायनातल्या ॲशव्हिलहून ब्ल्यू रिज पार्कवेने चेरोकीपर्यंत जायचे, तेथून ब्रायसन सिटी आणि फोंटाना धरणाच्या बाजूने डील्स गॅप गाठायचे, तेथून ‘टेल ऑफ द ड्रॅगन’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या घाटाने टेनेसीत उतरायचे आणि टेलिको प्लेन्सवरून चेरोहाला स्कायवेने रॉबिन्सव्हिलला परतायचे, असा फेरा आम्ही सप्टेंबरच्या उत्तरार्धात केला. कॅन-ॲम स्पायडर एफ३-टी मी चालवत होते आणि माझा नवरा मागे बसला होता. सोबत शार्लटमधले एक मराठी जोडपे त्यांची पोलारिस स्लिंगशॉट घेऊन आले होते. या डोंगरांच्या सौंदर्याची वर्णने पुष्कळ वाचायला मिळतात. अशी गाडी नुकतीच घेतलेल्या माणसाला या घाटांत नेमके काय लागते, एवढ्यापुरताच हा वृत्तांत आहे.

आपल्या ओळखीच्या रिक्षाला पुढे एक आणि मागे दोन चाके असतात. या गाड्यांना पुढे दोन आणि मागे एक. हा फरक केवळ दिसण्यापुरता नाही. वळणात ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे आणि बाहेरच्या बाजूला सरकतो. पुढे एकच चाक असेल तर नेमक्या त्या कोपऱ्यात आधार नसतो आणि गाडी कलंडू पाहते. पुढे दोन चाके असतील तर तोच भार बाहेरच्या पुढच्या चाकावर येऊन विसावतो. इंग्लंडमधल्या माल्व्हर्नच्या मॉर्गन कंपनीने १९१० च्या सुमारास याच रचनेच्या गाड्या बनवायला सुरुवात केली. कॅनडाच्या बीआरपी कंपनीने कॅन-ॲम या नावाखाली २००७ मध्ये स्पायडर आणली आणि अमेरिकेच्या पोलारिसने २०१४ मध्ये स्लिंगशॉट. तरीही स्पायडर आणि स्लिंगशॉट यांना एकाच मापाने मोजू नये. स्पायडरवर घोड्यावर बसल्यासारखे बसून हँडल धरायचे असते, तर स्लिंगशॉटमध्ये शेजारी शेजारी बसून स्टिअरिंग, पट्टे आणि मोटारीसारखी पेडल वापरायची असतात. साहजिकच पहिलीचा मालक तिला मोटरसायकल समजतो, दुसरीचा मालक तिला मोटार समजतो, आणि घाटात दोघांचीही समजूत अपुरी पडते.

स्पायडरबद्दल सर्वांत महत्त्वाची गोष्ट ब्रेकची आहे. हँडलवर ब्रेकचा दांडा नसतोच. उजव्या पायाखालचे एकच पेडल तिन्ही चाकांचे ब्रेक लावते. माझ्यासारख्या पुण्यात कॉलेजपासून स्कूटर चालवलेल्या माणसाचे दोन्ही ब्रेक आयुष्यभर हातांत होते, त्यामुळे समोर अचानक काही आले की बोटे आपोआप आवळली जातात आणि हातात काहीही येत नाही. ही सवय विचाराने जात नाही, सरावाने जाते. म्हणून डोंगरात जाण्याआधी रविवारी सकाळी एखाद्या रिकाम्या पार्किंगमध्ये ताशी वीस, मग तीस, मग चाळीस मैलांच्या वेगावरून जोरात ब्रेक दाबून गाडी थांबवण्याचा सराव, पाय न सांगता पेडलवर जाईपर्यंत, करावा. अर्ध-स्वयंचलित गिअर असलेल्या मॉडेलला क्लचही नसतो. वरचा गिअर डाव्या हाताच्या अंगठ्याने टाकायचा असतो; वेग उतरला की खालचा गिअर गाडी स्वतः टाकते. घाट उतरताना मात्र ते तिच्यावर सोडू नये, कारण ती इंजिन पार मंदावल्यावरच खाली येते, आणि उतारावर इंजिनाचा ब्रेक हवा असतो तो त्याच्या कितीतरी आधी.

दुसरी गोष्ट वळण्याची. दुचाकी झुकते, स्पायडर झुकत नाही. हँडल खरोखरच फिरवावे लागते. वळणात शरीर बाहेर फेकले जाते आणि नवखा माणूस तोल सांभाळण्यासाठी हँडलच घट्ट धरतो. मग शरीराचा प्रत्येक हेलकावा हँडलमध्ये उतरतो, गाडी रस्त्यावर किंचित नागमोडी जाऊ लागते आणि मालकाला वाटते की गाडीतच दोष आहे. त्यावर उपाय असा, की वळणाआधी कमरेतून थोडे पुढे आणि आतल्या बाजूला वाकावे, बाहेरचा पाय फूटबोर्डवर दाबावा, मांड्यांनी सीट धरावी, बाहेरच्या हाताने हँडल ढकलावे आणि आतला हात जवळजवळ सैल ठेवावा. पार्कवेवर सुरुवातीच्या काही मैलांत हेल्मेटमधल्या इंटरकॉमवर नवरा म्हणाला, “अगं, तू रस्त्याकडे बघतेयस की हँडलकडे?” प्रश्न अगदी रास्त होता. नजर वळणाच्या शेवटाकडे गेली की हात आपोआप सैल पडतात. मागे बसणाऱ्यानेही वळणाच्या आतल्या बाजूला थोडे वाकावे आणि मध्येच जागा बदलू नये.

एवढे सांभाळूनही गाडी सरळ रस्त्यावर एका बाजूला ओढत असेल तर पुढच्या चाकांची अलाइनमेंट लेझरने तपासून घ्यावी. जुने मालक नव्यांना हाच सल्ला आधी देतात आणि तो योग्य आहे. त्याच वेळी टायरमधली हवा स्वतः पाहावी. स्पायडरच्या पुढच्या टायरमध्ये मोटारीच्या मानाने फारच कमी, साधारण वीस पीएसआय किंवा त्याहून थोडी कमी हवा असते आणि मागच्यात तिच्यापेक्षा बरीच जास्त. सर्व्हिस सेंटरमधला माणूस सवयीने तिन्ही टायरांत तीस-बत्तीस भरून मोकळा होतो, आणि मग गाडी प्रत्येक खडीवर उडते. नेमका आकडा गाडीवरच्या स्टिकरवर असतो. तो मोबाइलमध्ये टिपून ठेवावा आणि सकाळी टायर थंड असताना मोजावे.

आता रस्त्याकडे येऊ. ब्ल्यू रिज पार्कवे एकूण ४६९ मैलांचा आहे. त्याचे काम १९३५ मध्ये सुरू झाले आणि लिन कोव्ह व्हायाडक्ट या उंच पुलाचा शेवटचा दुवा जोडला जाऊन १९८७ मध्ये तो पूर्ण झाला. मैलांचे दगड उत्तरेकडून, म्हणजे व्हर्जिनियातून, सुरू होतात, त्यामुळे ॲशव्हिलच्या दक्षिणेला आकडा ३९३ च्या आसपास असतो आणि चेरोकीला ४६९ वर संपतो. वेगमर्यादा बहुतांश ठिकाणी ताशी ४५ मैल आहे, मालवाहू ट्रकना बंदी आहे आणि मागून घाई करणारे तुलनेने कमी असतात. नव्या मालकाला यापेक्षा चांगली शाळा मिळणार नाही. तरी दोन गोष्टींचे भान ठेवावे. काही वळणे सुरुवातीला रुंद वाटतात आणि पुढे आवळत जातात, म्हणून शेवट दिसेपर्यंत वेग वाढवू नये. आणि बोगदे: पार्कवेवरच्या २६ बोगद्यांपैकी २५ उत्तर कॅरोलायनात आहेत, आत दिवे नाहीत, आणि लख्ख उन्हातून गडद काचेच्या हेल्मेटने आत शिरले की क्षणभर काहीच दिसत नाही. काच वर करण्याची सोय असलेले, आत वेगळी काळी पट्टी असलेले हेल्मेट येथे फार कामाला आले.

पार्कवेवर एकही पेट्रोल पंप नाही. माझ्या गाडीची टाकी सुमारे २७ लिटरची आहे, तरी ॲशव्हिल सोडताना ती भरून घेतली. वाटेत गरज पडलीच तर ४४३ व्या मैलावर बाल्सम गॅपला उतरून वेन्सव्हिल किंवा सिल्व्हाला जाता येते. रस्त्याचा सर्वोच्च बिंदू रिचलँड बाल्सम ४३१ व्या मैलाजवळ, ६,०५३ फुटांवर आहे. ॲशव्हिलला शर्टाच्या बाह्या वर केल्या होत्या आणि तेथे पावसाळी जाकीट चढवावे लागले. स्लिंगशॉटला छप्पर नसल्यामुळे त्या दोघांची अवस्था अधिक वाईट होती, कारण स्पायडरवर काचेआड वाकता तरी येते.

पावसाबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. दुचाकीस्वार रस्त्याच्या मधल्या पट्ट्यात, जेथे मोटारींचे तेल ठिबकलेले असते, जाण्याचे टाळतो. तीनचाकीला हे जमतच नाही, कारण पुढची चाके मोटारींच्या चाकोरीत चालतात तेव्हा मागचे एकुलते चाक नेमके त्या तेलकट पट्ट्यावर असते, आणि इंजिनाचा सगळा जोरही त्याच चाकातून जातो. पावसाची पहिली काही मिनिटे सर्वांत निसरडी असतात ती याचमुळे. स्पायडरची स्थिरता-प्रणाली चाक घसरले की इंजिनाचा जोर कापते आणि एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावते, ही मोठी सोय आहे. पण टायर गुळगुळीत झाला असेल तर कोणतीही प्रणाली रस्त्याला पकड देऊ शकत नाही. स्लिंगशॉटचा मागचा टायर चांगलाच रुंद असतो, म्हणून साचलेल्या पाण्यावर तो तरंगू शकतो. आमच्या मित्राने पाऊस लागताच वेग निम्म्यावर आणला आणि दृश्य पाहण्याच्या थांब्यावर वीस मिनिटे काढली. तो निर्णय मला पूर्णपणे पटला. खड्ड्यांचेही असेच आहे. तीन चाकांच्या तीन रेषा असल्यामुळे खड्डा चाकांच्या मधून काढता येत नाही, त्याला संपूर्ण वळसाच घालावा लागतो.

चेरोकीनंतरचा टप्पा सोपा आहे. फोंटाना धरणावर थांबण्यासारखे आहे. त्याची उंची ४८० फूट, म्हणजे १४६ मीटर. आपले कोयना धरण १०३ मीटरचे आहे, यावरून कल्पना यावी. तेथून २८ क्रमांकाच्या रस्त्याने डील्स गॅप गाठता येते.

‘टेल ऑफ द ड्रॅगन’बद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. ११ मैलांत ३१८ वळणे, हा आकडा ऐकून प्रत्येक नवा मालक गाडी घेतल्याच्या पहिल्याच महिन्यात तेथे जाऊ पाहतो. डील्स गॅपला एक झाड आहे, त्यावर या घाटात अपघात झालेल्या मोटरसायकलींचे तुटलेले भाग टांगलेले असतात. निघण्यापूर्वी ते शांतपणे पाहून घ्यावे. वेगमर्यादा ताशी ३० मैल आहे आणि स्पायडरवर वळणे घेत जाण्यासाठी ती पुरेशी आहे. खरी अडचण रुंदीची आहे. दुचाकीवर आपण बसतो तीच गाडीची रेषा असते. स्पायडर सुमारे दीड मीटर रुंद आहे, म्हणजे डाव्या वळणात आपले शरीर लेनच्या मधोमध असले तरी डावे चाक पाऊण मीटर डावीकडे, समोरच्या वाहतुकीपासून आपली लेन वेगळी करणाऱ्या पिवळ्या दुहेरी रेषेच्या पुष्कळ जवळ असते (अमेरिकेत गाड्या उजवीकडून चालतात). स्लिंगशॉट तर जवळजवळ दोन मीटर रुंद आहे, तिला लेनमध्ये इकडेतिकडे व्हायला जागाच कमी उरते. दुचाकीवाल्यांकडून शिकलेली ‘बाहेरून आत, आतून बाहेर’ ही वळणाची रेषा येथे विसरावी आणि लेनच्या मध्यावर राहावे. समोरून येणारा एखादा उत्साही स्वार रेषा ओलांडत असेल, हे प्रत्येक आंधळ्या वळणावर गृहीत धरावे.

मागून वेगाने कोणी आले तर कडेला थांबण्याच्या जागा आहेत. तेथे थांबून त्याला जाऊ द्यावे, त्यात कमीपणा नाही. वळणांवर छायाचित्रकार बसलेले असतात आणि फोटो नंतर विकत मिळतात. त्यांच्याकडे पाहून हात हलवण्याचा मोह टाळावा, कारण तो हात हँडलवर हवा असतो. कामाच्या दिवशी सकाळी लवकर गेल्यास रस्ता जवळजवळ मोकळा मिळतो. मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज नसते, म्हणून दोन गाड्या असतील तर भेटण्याची जागा आधीच ठरवावी.

माझ्या मते या सगळ्या फेऱ्यातला खरा आनंद चेरोहाला स्कायवेवर आहे. टेनेसीतल्या टेलिको प्लेन्सपासून रॉबिन्सव्हिलपर्यंतचा ४३ मैलांचा हा रस्ता १९९६ मध्ये खुला झाला आणि ५,३९० फुटांपर्यंत चढतो. वळणे मोठी, लांब आणि बहुतेक ठिकाणी शेवटपर्यंत दिसणारी आहेत. तीनचाकीला अशीच वळणे मानवतात, कारण बारीक वळणांच्या मालिकेत हात आणि खांदे भरून येतात, तर लांब वळणात एकदा शरीर टेकवले की गाडी रुळावर असल्यासारखी जाते. येथेही मध्ये पेट्रोल नाही. दोन्ही टोकांच्या गावांत आहे.

निघण्यापूर्वीच्या तयारीबद्दल काही सूचना. परवान्याचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत: स्लिंगशॉट बहुतेक राज्यांत ऑटोसायकल, म्हणजे स्टिअरिंग आणि मोटारीसारखी बैठक असलेली तीनचाकी, म्हणून मोटारीच्या परवान्यावर चालते, स्पायडरला काही राज्यांत मोटरसायकलची किंवा तीनचाकीची वेगळी नोंद लागते आणि कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी लागत नाही. आपल्या राज्याच्या वाहन विभागाकडून हे गाडी घेण्याआधीच पक्के करावे आणि विमा कंपनीलाही तेच वर्गीकरण कळवावे. स्पायडरवर उत्तर कॅरोलायना आणि टेनेसी या दोन्ही राज्यांत हेल्मेट सक्तीचे आहे. मोटरसायकल सेफ्टी फाउंडेशनचा तीनचाकीसाठीचा वेगळा अभ्यासक्रम आहे. वर्षानुवर्षे दुचाकी चालवलेल्यांनी तो आवर्जून करावा, कारण विसरायचे सर्वांत जास्त त्यांच्याकडेच असते.

१३३० सीसी इंजिनाच्या स्पायडरचे ऑईल थंड इंजिनावर मोजू नये. थंड असताना डिपस्टिकवर पातळी कमी दिसते, मालक घाबरून ऑईल ओततो आणि ते प्रमाणाबाहेर जाते. गाडी चांगली तापेपर्यंत चालवावी, सपाट जागी थोडा वेळ आयडलवर ठेवावी आणि बंद केल्यावर लगेच मोजावे. गाडी अगदी नवी असेल तर पहिले हजार किलोमीटर पूर्ण थ्रॉटल आणि विनाकारण जोराचे ब्रेक टाळायचे असतात, म्हणून हा फेरा त्यानंतरच आखावा.

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये हेलीन चक्रीवादळाने पार्कवेचा उत्तर कॅरोलायनातला भाग जागोजागी उद्ध्वस्त केला आणि त्याची दुरुस्ती टप्प्याटप्प्याने चालली. दरडी कोसळून इतर रस्तेही अधूनमधून बंद होतात. नॅशनल पार्क सर्व्हिस पार्कवेची स्थिती मैलागणिक जाहीर करते. हॉटेल आरक्षित करण्याआधी आणि निघण्याच्या दिवशी सकाळी, असे दोनदा ती पाहून घ्यावी.